रेषेच्या तोंडी उसना आवाज

उत्साही : जुन्या ध्वनिमुद्रणाला नव्या चित्राची जोड देऊन विस्मृतीत गेलेला आवाज पुन्हा लोकांत आणणे, हे अ‍ॅनिमेशनच्या हाती आलेले विलक्षण सामर्थ्य आहे, आणि त्या सामर्थ्याच्या आड स्वामित्वहक्काचा कायदा जितका आला तितके ना भांडवल आले, ना प्रेक्षकांची उदासीनता, असे माझे स्वच्छ मत आहे. नीना पेली या अमेरिकन चित्रकर्तीचे उदाहरण घ्या. स्वतःचा संसार मोडल्याच्या काळात तिने रामायण हाती घेतले, घरच्या संगणकावर जवळजवळ एकटीने सारी चित्रे काढली, आणि सीतेचे दुःख अ‍ॅनेट हॅनशॉ या गायिकेने १९२० च्या दशकाच्या अखेरीस गायिलेल्या जॅझ गीतांतून बोलके केले. ‘सीता सिंग्ज द ब्लूज’ हा तो चित्रपट २००८ साली बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला, आनसीच्या महोत्सवात त्याने सर्वोच्च पारितोषिक मिळवले, आणि इतके होऊनही तो रीतसर प्रदर्शित करण्याची सोय नव्हती! अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्याने ध्वनिमुद्रणाला संरक्षण दिले ते १९७२ पासूनच्या मुद्रणांना, त्यामुळे हॅनशॉच्या तबकड्या त्या कायद्याच्या जाळ्यातून निसटल्या होत्या. पण तबकडीत गायिलेले शब्द आणि त्यांच्या चाली मात्र हक्काच्या कक्षेत होत्या, आणि ज्या कंपन्यांकडे ते हक्क खरेदीविक्रीतून येऊन पडले होते त्यांनी ती गीते चित्राशी जोडण्याबद्दल सुमारे २,२०,००० डॉलर मागितले. घासाघीस होता होता मागणी ५०,००० च्या घरात आली. तेवढ्यासाठी पेलीने कर्ज काढले, आणि मग उट्टे काढावे तसा आपला सबंध चित्रपट, ज्याला हवा त्याने पाहावा, वाटावा, दाखवावा, अशा खुल्या परवान्याखाली २००९ साली मोकळा सोडून दिला. ती गीते रचणारी पिढी काळाआड गेलेली, गाणारी गेलेली, मूळ श्रोते गेलेले. मग या सगळ्या प्रकरणात कोणत्या कलावंताचे कोणते हित राखले गेले, हे मला कोणी समजावून सांगावे.

साशंक : हकीकत खरी आहे, पण तिचा हिशेब तुम्ही अर्ध्यावर सोडलात. ते पन्नास हजार गेले कोणाकडे? शब्दांचे आणि चालींचे हक्क ज्यांच्या दप्तरी होते त्यांच्याकडे. ज्या बाईच्या गळ्यावर तो चित्रपट उभा आहे, जिचे कंपन, जिचा किंचित खट्याळपणा काढून घेतला तर पेलीच्या सीतेत रेषा आणि रंग यांपलीकडे काही उरत नाही, त्या हॅनशॉचा त्या रकमेत वाटा नव्हता, आणि ती १९८५ साली वारली नसती तरीही तो असता असे नाही. तुमची तक्रार अशी की कायदा फार मागतो. माझी अशी की तो नको तिथे मागतो आणि हवे तिथे मुका राहतो. या दोन तक्रारी एकाच तोंडून बोलल्या जातात म्हणून त्या एक वाटतात, पण त्या परस्परांच्या विरुद्ध दिशांना जातात.

आपल्याकडचीच स्थिती पाहा. १९५७ च्या कायद्याने गीतकार ओळखला, संगीतकार ओळखला, मुद्रण करणारा निर्माताही ओळखला. गाणारा मात्र ओळखला नाही. १९७७ साली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल निर्मात्यांच्या बाजूने गेला, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला आपली स्वतंत्र पुरवणी जोडून, गाणाऱ्याचा कंठ या कायद्यात बेवारस आहे, याकडे लक्ष वेधले. त्याआधी १९६० च्या दशकात लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात गायकांना मानधनाखेरीज पुढच्या उत्पन्नात वाटा असावा की नाही यावरून जो बेबनाव झाला, आणि काही वर्षे दोघांनी एकत्र गाणे म्हटले नाही, तो निव्वळ स्वभावांचा खटका नव्हता; कायद्यातल्या याच खिंडाराने तो घडवला. सादरकर्त्याचा हक्क म्हणून काही वस्तू आपल्या कायद्यात आली ती १९९४ च्या दुरुस्तीने, आणि तिला धार आली २०१२ च्या दुरुस्तीने. तेव्हा आज एका गाण्याचा सातबारा काढला, तर त्यावर शब्दांचा धनी वेगळा, चालीचा वेगळा, मुद्रणाचा वेगळा, आणि इतर हक्कांच्या रकान्यात, अगदी खाली, गाणारा. तुम्ही पहिल्या तीन नोंदींवर चिडता. माझे लक्ष चौथीवर आहे.

उत्साही : चौथी नोंद मी नाकारत नाही. पण या सर्व नोंदींवरचा खरा उतारा काळ आहे, आणि मुदत संपणे हेच या कायद्याचे सर्वांत शहाणे कलम आहे, हे तर मान्य कराल? आपल्या नाट्यसंगीताचेच पाहा. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांची ध्वनिमुद्रण म्हणून असलेली मुदत केव्हाच सरली. तरीही ‘एकच प्याला’तले पद एखाद्या विद्यार्थ्याने चित्राला लावायचे म्हटले, तर त्याला आणखी एक पान उलटावे लागत असे, कारण गडकरी १९१९ सालीच गेले, त्यांचे गद्य कित्येक दशकांपूर्वी सर्वांचे झाले, पण नाटकातली पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची, आणि गुर्जर १९६२ पर्यंत हयात होते, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे या हिशेबाने त्या पदांचे शब्द खुले झाले ते २०२२ सरल्यावर. ‘गीतरामायणा’चे तर विचारूच नका. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ साली घरोघरी पोचलेले ते काव्य. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणून शब्द २०३७ अखेरपर्यंत बांधलेले. सुधीर फडके २००२ साली गेले, म्हणून चाली २०६२ अखेरपर्यंत. आज अ‍ॅनिमेशन शिकणारी वीस वर्षांची मुलगी त्या चाली स्वतःच्या चित्रांखाली विनापरवाना घालू शकेल तेव्हा ती साठीच्या जवळ आलेली असेल.

आणि ही साठ वर्षे तरी कोणत्या तत्त्वातून निघाली? आधी पन्नास होती. रवींद्रनाथ १९४१ साली वारले, त्यांचे साहित्य १९९१ सरताच विश्वभारतीच्या हातून सुटणार होते, म्हणून सरकारने मुदत दहा वर्षांनी वाढवली. आणि त्या एका कवीच्या पंक्तीला बसून देशातल्या यच्चयावत मृत लेखकांची मुदत लांबली. ज्यांचे वारस कोण हेही कोणास ठाऊक नाही, त्यांचीसुद्धा! मी हक्काचा शत्रू नाही. पण ज्या हक्काला धनी उरला नाही तो हक्क केवळ कुलूप म्हणून दारावर लोंबत राहावा, याचा मला राग येतो.

साशंक : तो राग मलाही येतो. विद्यार्थ्यांमध्ये जे समज पसरले आहेत त्यांना मात्र यातून बळ मिळू नये. दहा सेकंदांपर्यंतचा तुकडा फुकट असतो, पैसे मिळवायचे नसले की परवानगी लागत नाही, श्रेयनामावलीत नाव दिले की काम भागते, ‘रॉयल्टी-फ्री’ लिहिलेला आवाज म्हणजे धनी नसलेला आवाज, ही सगळी ऐकीव वचने आहेत. आपल्या कायद्यात सेकंद मोजलेले नाहीत, आणि दार आपटल्याचा आवाज जरी कोणाच्या संग्रहातून उचलला तरी ते त्याचे ध्वनिमुद्रणच असते. वर्गात शिकताना केलेला अभ्यास निराळा, आणि तोच महोत्सवाला पाठवणे निराळे. याहून अधिक वेळ या मुद्द्यावर घालवण्यात अर्थ नाही. कोणताही बरा वकील अर्ध्या तासात एवढे सांगेल.

वकील जे सांगणार नाही ते मला महत्त्वाचे वाटते. सॉलोमन लिंडा हा झुलू गवई. १९३९ साली जोहान्सबर्गमध्ये गॅलो कंपनीच्या मुद्रणशाळेत त्याने आपल्या साथीदारांसह ‘म्बुबे’ नावाचे गाणे म्हटले. त्या गाण्याचे हक्क दहा शिलिंगांत गेले असे सांगतात. तबकडी अमेरिकेत गेली, तिथल्या गायकांनी ती उचलली, १९६१ साली तिला इंग्रजी शब्द चढले आणि ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ या नावाने ती जगभर वाजली. लिंडा त्याच सुमारास, १९६२ साली, दारिद्र्यात मेला. पुढे १९९४ साली डिस्नेच्या ‘द लायन किंग’ या अ‍ॅनिमेशनपटात टिमॉन आणि पुम्बा ही दोन विनोदी पात्रे तेच गाणे म्हणत जंगलातून चालू लागली, आणि साऱ्या जगातली मुले ती चाल गुणगुणू लागली. लक्षात घ्या, डिस्नेने चोरी केली नव्हती. ज्यांच्या नावावर गाणे नोंदलेले होते त्यांच्याकडून परवाना रीतसर घेतलेला होता. दप्तर स्वच्छ, पावती स्वच्छ, आणि लिंडाच्या मुली मात्र सोवेटोत गरिबीत. आता तुमचा काळ हा उतारा इथे लावून पाहा. मुदत संपेपर्यंत थांबले असते तर अन्याय मिटला नसता. तो फक्त वसुलीच्या पलीकडे गेला असता.

उत्साही : उदाहरण तुम्ही दिलेत, पण त्याचा शेवट माझ्या बाजूचा आहे. लिंडाच्या मुलींना दाद कोणी मिळवून दिली? कायद्यानेच; आणि तीही एका अशा जुनाट कलमाने की ज्याची आठवण फारच थोड्यांना राहिली होती. १९११ च्या ब्रिटिश कायद्यात, ज्यावर आपलाही १९५७ पूर्वीचा कायदा बेतलेला होता, अशी तरतूद होती की लेखकाने हयातीत हक्क विकून टाकला असला तरी त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी तो वारसांकडे परत यावा. त्या हिशेबाने लिंडाच्या गाण्याचा हक्क १९८७ सालीच त्याच्या वारसांकडे परतला होता, कोणाच्या ध्यानात आले नव्हते इतकेच. २००४ साली दक्षिण आफ्रिकेत दावा लागला. परदेशी कंपनीला तिथल्या न्यायासनापुढे आणण्यासाठी कोर्टाने डिस्नेच्या त्या देशातल्या व्यापारचिन्हांवर जप्ती आणली, म्हणजे मिकी माउसच अटकेत पडला म्हणा ना. आणि २००६ साली तडजोड होऊन मुलींना मोबदला मिळाला. एवंच, नीतीने जे पन्नास वर्षे नुसते हळहळून काढले ते कायद्याने दोन वर्षांत केले.

दुसरे उदाहरण पेगी ली हिचे. १९५५ च्या ‘लेडी अँड द ट्रॅम्प’मध्ये तिने गाणी रचली, गायिली, आणि दोन सयामी मांजरींसह चार पात्रांना आवाज दिला. तिच्या करारनाम्यात, लोकांना विकण्यासाठी काढायच्या मुद्रित प्रतींचा हक्क कंपनीला मिळणार नाही, अशा आशयाचे एक कलम होते. ते लिहिताना कोणाच्याही मनात व्हिडिओ कॅसेट नव्हती, कारण ती वस्तूच जन्माला आलेली नव्हती. १९८७ साली चित्रपटाच्या कॅसेटी विकल्या गेल्या, बाईने दुसऱ्या वर्षी फिर्याद केली, आणि १९९१ साली तिला २० लाख डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी कोण्या सावध माणसाने घातलेल्या एका वाक्याने! म्हणून मी म्हणतो, आवाज देणाऱ्याचे खरे कवच म्हणजे नीट लिहिलेला करारनामा.

साशंक : मघाशी कायदा तुम्हाला विघ्न वाटत होता, आता कवच वाटतो, असो, मीही कदाचित उलट्या दिशेने तितकाच सरकलो असेन. पेगी ली तेव्हा नामांकित गायिका होती, तिच्या वतीने वाटाघाट करणारे होते, म्हणून ते वाक्य करारात आले. १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’मध्ये नायिकेचा आवाज देणाऱ्या अ‍ॅड्रियाना कॅसेलोटीला सुमारे ९७० डॉलर मिळाले, आणि पडद्यावर तिचे नावदेखील आले नाही. मेल ब्लँक हा वॉर्नरच्या सशाबदकांचा बहुरूपी आवाज. त्याने पगारवाढ मागितली, ती नाकारून त्याऐवजी पडद्यावर नाव दिले गेले. यातून इतकेच कळते की नाव आणि पैसा ही मालकांच्या लेखी एकमेकांच्या बदल्यात द्यायची नाणी होती.

तथापि ही सारी माणसे स्टुडिओत आपल्या पायांनी गेलेली होती. करारनाम्याचा प्रश्नच जिथे उद्भवत नाही तिथे या. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या पुढे जाते, आणि आता ‘पारी’ या संग्रहात त्यांतल्या कित्येक ओव्या गाणारणीच्या नावागावासह ऐकायला मिळतात. त्यांत सीतेच्या वनवासाच्या ओव्या आहेत. उद्या तुमच्यासारख्या कोणी मराठी सीता चितारायला घेतली आणि हॅनशॉच्या जागी या ओव्या लावल्या, तर ती कल्पना मलाही मोहात पाडील. पण तुमचे कवच तिथे शोधून दाखवा. ओवीचा कर्ता कोणी एक नाही, पिढ्यानपिढ्या दळता दळता ती झाली. म्हणून शब्दांचा आणि चालीचा धनी कायद्याला सापडत नाही. राहिली गाणारी. तिला सादरकर्ती म्हणून हक्क आहे, त्याची मुदत ५० वर्षे, आणि २०१२ पासून तिचे नाव यावे व तिच्या गाण्याची अप्रतिष्ठा होईल अशी मोडतोड होऊ नये हाही हक्क आहे. कागदावर इतपत ठीक. आता त्याच बाईने ओव्या संपल्यावर, फीत चालू असतानाच, सासरच्या दिवसांबद्दल चार वाक्ये बोलली असतील तर? सादरकर्ता कोण हे सांगताना आपल्या कायद्याने नट, गायक, वादक, नर्तक यांच्या जोडीला डोंबारी, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारा यांचीही नावे घेतली आहेत. पुंगी वाजवून नाग डोलवणारा तिथे उजळ माथ्याने बसतो, पण स्वतःच्या आयुष्याबद्दल साधेपणाने बोलणाऱ्या बाईला त्या यादीत जागा सापडेल याची मला मुळीच खात्री वाटत नाही.

आणि अ‍ॅनिमेशनवाल्यांना नेमकी तीच चार वाक्ये हवी असतात. नटाने पाठ केलेल्या वाक्यात ती अडखळ, तो उसासा, तो अर्धवट सोडलेला शब्द येत नाही. निक पार्कचा १९८९ चा ‘क्रीचर कम्फर्ट्स’ तुम्ही पाहिला असेलच. पुढे त्याला ऑस्करही मिळाले. इंग्लंडमधल्या साध्यासुध्या लोकांना ते राहतात त्या जागेबद्दल आणि प्राणिसंग्रहालयाबद्दल बोलते केले, आणि त्यांचे मुद्रित आवाज मातीच्या प्राण्यांच्या तोंडी बसवले. ब्राझीलहून शिकायला आलेला एक विद्यार्थी तिथली थंडी, तिथले जेवण, राहायला अपुरी जागा यांबद्दल कुरकुरतो, आणि पडद्यावर ती कुरकुर पिंजऱ्यातला एक प्यूमा हातवारे करीत करतो. मी हसलो, पुष्कळ हसलो. आणि मग मनात आले की या सबंध चित्रात खरे असे एकच आहे, त्या पोराचा आवाज. बाकी माती. ज्या कलेत देह, चेहरा, भिंत, ऊन सगळे बनवलेले असते तिथे आवाज हीच एक वस्तू जिवंत शरीरातून आलेली असते, आणि तिलाच आपण परके शरीर चढवतो. छायाचित्रणाच्या चित्रपटात माणसाचा आवाज निदान त्याच्या चेहऱ्याशेजारी उभा असतो. इथे तो चेहऱ्यापासून सोडवून घेतला जातो. त्या सोडवणुकीला संमती कोणती, आणि ती कोणत्या कागदावर लिहायची?

उत्साही : हा तुमचा सर्वांत बळकट मुद्दा आहे, म्हणून त्याला मी सावकाश उत्तर देतो. ‘क्रीचर कम्फर्ट्स’मधल्या त्या पोराची अप्रतिष्ठा झाली का? मला तर उलटे दिसते. त्याची तक्रार कोण्या वसतिगृहाच्या व्यवस्थापकाने ऐकून सोडून दिली असती. प्यूमाच्या तोंडी ती बसली आणि परमुलखात कोंडल्यासारखे वाटणे म्हणजे काय, ते लाखो लोकांना एका क्षणात उमगले. चेहरा काढून घेतल्यामुळेच त्याला कोणी परदेशी पोर म्हणून हिणवू शकले नाही. सोडवणूक या शब्दाला मुक्तता असाही अर्थ असतो, हे तुम्ही विसरता. संकटातल्या साक्षीदाराचा आवाज चितारलेल्या चेहऱ्यामागे ठेवून त्याला निर्धास्त बोलू देणे, हेही याच कलेला साधते.

शिवाय संमतीचे सोवळे फार कडक पाळले तर काय काय गमवावे लागेल याचा विचार करा. जॉन आणि फेथ हबली या दांपत्याने आपल्या दोन लहान मुलांचा खेळ चोरून म्हणावा इतक्या सहजपणे मुद्रित केला आणि त्यावर १९५९ साली ‘मूनबर्ड’ रचला. मुलांची बडबड जशी मध्येच तुटते, गाण्यात शिरते, भांडणात शिरते, तशीच्या तशी. पाच वर्षांच्या मुलाची संमती ही काय चीज आहे? आईबापांनी दिली, म्हणजे आईबापांनी स्वतःला दिली! तरी ते चित्र झाले नसते तर बालपणाचा एक अस्सल दस्तऐवज जगाला मिळाला नसता. पेलीच्याच चित्रपटात तीन भारतीय छायाबाहुल्यांच्या आडून रामायण आठवत, चुकत, एकमेकांना दुरुस्त करीत गप्पा मारतात; तो संवाद आधी लिहिलेला नव्हता, आणि ती त्या चित्रपटाची निम्मी गंमत आहे. तो कसा वापरला जाईल याची पुरी कल्पना बोलणाऱ्यांना आधी देता आली असती का? देता आली असती तर ते तसे मोकळे बोलले असते का?

साशंक : त्या तिघांची नावे चित्रपटात आहेत, आणि आपण एका चित्रासाठी बोलत आहोत हे त्यांना ठाऊक होते, मला तेवढ्याने बरेच समाधान वाटते. हबलींच्या बाबतीत मी काही बोलत नाही, कारण मुलांचा आवाज आईबापांनी जपला की वापरला, याचा निवाडा त्या मुलांखेरीज कोणी करू नये.

पण तुम्ही मुक्तता म्हणता तिच्या दुसऱ्या टोकाकडे नेऊ द्या. १९३० च्या सुमारास फ्लायशर स्टुडिओने बेटी बूप जन्माला घातली. तिचा तो बालिश, लाडिक, मध्येच निरर्थक अक्षरे पेरणारा स्वर आपला आहे, असा दावा हेलन केन या गायिकेने लावला आणि अडीच लाख डॉलर नुकसानभरपाई मागितली. बेटीला आवाज देणारी मे क्वेस्टेल ही केनची नक्कल करण्याच्या स्पर्धेत बक्षीस मिळवूनच पुढे आलेली होती, म्हणजे प्रकरण उघड दिसत होते. पण १९३४ साली न्यायालयात बेबी एस्थर या कृष्णवर्णीय बालगायिकेची गोष्ट निघाली. तिच्या व्यवस्थापकाची साक्ष झाली, तिच्या गाण्याची चित्रफीत पुढे आली, आणि ही ढब केनच्याही आधी त्या मुलीच्या गळ्यात होती असे दिसू लागले. केन दावा हरली. न्याय झाला असे तुम्ही म्हणाल. मला त्या निकालात एवढेच दिसते की एस्थरचा आवाज, एकीचा हक्क खोडून काढण्यापुरता, पुरावा म्हणून उपयोगी पडला. तिचा स्वतःचा हक्क काय, हा प्रश्न त्या दाव्यात कोणी विचारलाच नव्हता. ढब कोणाची नसते, असे ठरले, आणि कोणाचीच नसलेली ती ढब बेटीच्या मालकांना मिळाली.

उत्साही : मग तुमचा उपाय काय? ढबीलाही हक्क द्यायचा? तो प्रयोग सुरू झालेलाच आहे. अमेरिकेत १९८८ साली बेट मिडलरने फोर्ड कंपनीविरुद्ध निकाल मिळवला तो गाण्याचा परवाना रीतसर घेतलेला असताना, केवळ तिच्यासारखे गाणारी दुसरी बाई जाहिरातीत उभी केली म्हणून. आपल्याकडे दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०२३ साली अनिल कपूर यांच्या नावाबरोबर, चेहऱ्याबरोबर आणि आवाजाबरोबर त्यांचा ‘झकास’ देखील व्यापारी वापरापासून राखून ठेवला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांचा आवाज यंत्राकरवी हुबेहूब काढून देणाऱ्यांना अंतरिम मनाई केली. यंत्राबद्दलची मनाई मला पटते. पण या वाटेने थोडे पुढे गेलात तर आमचा बहुरूपी, तमाशातला सोंगाड्या, आकाशवाणीवरचा नकलाकार, सगळेच संशयित ठरतील. आणि अ‍ॅनिमेशन ही तर मुळात नकलेची कला. तुमच्या एस्थरला संरक्षण द्यायला निघालेला कायदा प्रत्यक्षात पोचला कुठे, तर ज्यांच्या दारात वकील उभे आहेत त्यांच्यापाशी.

साशंक : पोचला तो तिथेच, यात वाद नाही, मी जे कायद्याबद्दल म्हणतो ते तुम्ही आता स्वतःच म्हणालात. यंत्राने एक गोष्ट मात्र बदलली आहे. नकलाकार नक्कल करतो तेव्हा त्याचा स्वतःचा गळा पणाला लागलेला असतो, आणि ऐकणाऱ्याला दोन माणसे एकदम ऐकू येतात, ज्याची नक्कल तो आणि जो करतो तो. यंत्रातून निघालेल्या आवाजामागे दुसरे माणूस नाही. आणि त्या ओवी गाणारणीची अर्धा तासाची फीत यंत्राला पुरेशी असेल, तर तिने कधीही न म्हटलेली ओवी, कधीही न बोललेले वाक्य, तिच्या गळ्यातून काढता येईल. म्हणजे मी म्हणत होतो ती चित्रातली एकुलती एक खरी वस्तूसुद्धा बनवलेली ठरेल. अशा वेळी, ज्याने कायदेशीर परवाना घेतला आहे त्याच्यावरही मी एक बंधन घालीन : चित्र पुरे होण्याआधी ते आवाज देणाऱ्या माणसाला दाखवावे, आपल्या आवाजाला कोणता देह मिळाला हे त्याने पाहावे, आणि मग हो किंवा नाही म्हणावे. मुद्रणाच्या वेळी घेतलेली संमती मला अर्धीच वाटते, कारण तेव्हा देह ठरलेला नसतो.

उत्साही : सुंदर. म्हणजे फीत, कपाटातली चित्रे आणि दोन वर्षांचे श्रम घेऊन मी मावळातल्या एखाद्या गावी जाईन, आणि म्हातारी म्हणेल, मला सीताही नको आणि म्हैसही नको. माझ्या आवाजाला माझाच चेहरा द्या, तोही लग्नातला, नथ घातलेला. तिचे ऐकले तर चित्रपट तिचा झाला, न ऐकले तर दाखवणे हा उपचार ठरला. पार्कच्या प्यूमाला त्या पोराने नाही म्हटले असते तर?

साशंक : नकार तिने द्यावा, मागणी मात्र तुम्ही मानलीच पाहिजे असे नाही, अशी विभागणी तूर्त मी करीन. कोणता देह नको हे सांगण्याचा अधिकार तिचा. कोणता हवा हे ठरवण्याचा तुमचा. प्यूमा गेला असता, हे खरे. त्याजागी काय आले असते ते तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही. माझी मती कुंठित होते ती दुसरीकडेच. ज्या बायकांनी १९८० आणि ९० च्या दशकांत त्या ओव्या गायिल्या त्यांतल्या अनेकजणी आता नसतील. तिथे हो किंवा नाही कोणी म्हणायचे? मुलाने, गावाने, की फीत जपणाऱ्या संस्थेने?

उत्साही : संस्थेने म्हणाल तर विश्वभारतीसाठी वाढवलेली ती दहा वर्षे मला आठवतात. मुलाने म्हणाल तर ज्या ओव्या आईने लेकीला दिल्या त्यांचा निकाल लेकाने का करावा, असे त्या गाणारणीच विचारतील. आणि कोणालाच विचारू नका म्हणाल, तर ते म्हणण्याचा धीर मला या चर्चेच्या आरंभी होता, आता लिंडाच्या मुलींचे नाव निघाल्यावर तो तेवढा उरलेला नाही.